हिरव्या चहावरचं आपलं अर्धं राहिलेलं भांडण

सर,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. सटाण्याचे विधी उरकून वहिनी परवाच परत आल्या. प्राचीची बारावीची परीक्षा तोंडावर आहे, नाहीतर त्या महिनाभर तिकडेच राहिल्या असत्या. कंपनीत शोकसभा झाली. मला म्हणाले, भामरेसरांबद्दल दोन शब्द बोला. मी उभी राहिले, तुम्ही कुठले, किती वर्षं नोकरी केली ते सांगितलं आणि खाली बसले. त्यातलं एकही वाक्य मला बोलायचं नव्हतं. मला चहाबद्दल बोलायचं होतं. पण भरल्या शेडमध्ये, हार घातलेल्या तुमच्या फोटोशेजारी उभं राहून चहाबद्दल काय बोलणार? लोकांनी एकमेकांकडे बघितलं असतं.

म्हणून लिहिते आहे. जे बोलायचं ते मी नेहमी तुमच्या तोंडावर बोलले. एकच गोष्ट बोलले नाही, ती आता इथे लिहावी लागणार.

एकोणनव्वद साली मी सिल्वासाजवळ मसाटच्या आपल्या यार्नच्या कारखान्यात आले तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. शिरपूरची मुलगी, बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि दोनशे माणसांत बाई म्हणून मी एकटी. मॅनेजरसाहेबांनी लॅबच्या दारातूनच सांगितलं, "भामरेजी, ये आपकी नयी असिस्टंट." तुम्ही मान वर केली नाहीत. काचेच्या पेटीतला तराजू दाखवून म्हणालात, "हा धागा तोला." मी तोलला, आकडा सांगितला. "पुन्हा तोला." पुन्हा तोलला तर शेवटचा आकडा हलला. तेव्हा तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "आता यातला कुठला लिहिणार?" मी म्हटलं, "तिसऱ्यांदा तोलेन." तुम्ही हसलात. "या, केमिस्टबाई. बसा."

त्या आठवड्यात तुमच्या लक्षात आलं की मी दिवसभर पाणी पीत नाही. काही न विचारता कारण तुम्हाला कळलं, कारण अख्ख्या कारखान्यात बायकांसाठी संडासच नव्हता. तुम्ही मॅनेजरकडे गेलात. ते म्हणाले, एका बाईसाठी कुठे बांधायचा? तुम्ही लॅबच्या मागची भंगाराची खोली दोन रविवार स्वतः उभं राहून रिकामी करवून घेतलीत, नळ ओढून घेतलात आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवलीत. त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणालात, "धाग्यातल्या तेलाच्या टक्केवारीचं काय झालं?" नंतर पॅकिंगमध्ये बायका लागल्या, आज तीसेक असतील. त्या खोलीला रांग लागते. ती खोली कुणामुळे झाली हे त्यातल्या एकीलाही माहीत नाही. शोकसभेत हेसुद्धा मला सांगता आलं नाही.

तुम्ही पीत होता हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. सिल्वासात ते लपवण्यासारखं नव्हतंच. पलीकडे गुजरातेत बंदी, आपल्याकडे मोकळीक. शनिवारी वापीकडून गाड्यांची रांग यायची आणि किलवणी नाक्यावरच्या बारमध्ये बसायला जागा नसायची. घर सोडून नोकरीला आलेली माणसं, संध्याकाळी करायला काही नाही. माझा नवरासुद्धा कधीमधी जायचा. तुम्ही रोज जायचात, एवढाच फरक. सकाळी साडेआठला मात्र दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. कधी रजा नाही, कधी आकडा चुकला नाही. त्यामुळे मीही स्वतःची समजूत घातली की ज्याचं काम चुकत नाही त्याचं काही बिघडत नसतं. रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीनं ही समजूत घातली, सर.

शहाण्णवच्या पावसाळ्यात तुमचे डोळे पिवळे झाले. वहिनींना वाटलं साधी कावीळ, गावठी औषध देऊ. मीच तुम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट चाचपलं, रक्त तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "यकृताला सूज आहे. आज सोडलीत तर ते सावरेल. त्याच्यात ती ताकद असते. नाही सोडलीत तर नंतर माझ्याकडे येऊन उपयोग नाही." बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "ऐकलंस ना? कापलं तरी पुन्हा वाढणारा शरीरातला एकच अवयव. काय यंत्र आहे!" डॉक्टरांच्या दोन गोष्टींतली तुम्ही पहिलीच घेतलीत.

तरी चार महिने तुम्ही थेंबाला शिवला नाहीत. त्या दिवाळीत तुम्ही आमच्याकडे फराळाला आलात, प्राचीच्या खांद्यावर हात ठेवून तिला घेऊन आलात. वहिनी नवी साडी नेसल्या होत्या. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाल्या, "सुलभाताई, घर परत आलं माझं." डिसेंबरात कारखान्याचं नवीन मशीन सुरू झालं, त्याची पार्टी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला लॅबमध्ये तो ओळखीचा वास आला. मी खिडकी उघडली. तुम्ही बघितलंत.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तुमचा हात थरथरायला लागला. तराजूची बारीक वजनं चिमट्यानं उचलायची असतात, नखाएवढे पत्र्याचे तुकडे. ते तुमच्या चिमट्यातून पडायला लागले. एकदा तुम्ही ते तीनदा उचललंत आणि तिन्ही वेळा पडलं. मग तुम्ही चिमटा माझ्या पुढ्यात ठेवलात. "बाई, आजचं तू कर. माझा चष्मा बदलायला झालाय." त्या दिवसापासून वजनं मी करायची, वहीत तुम्ही लिहायचात, खाली सही तुमची. चष्मा काही बदलला नाहीत. मी विचारलं नाही.

त्याच दिवसांत मी ते कात्रण वाचलं. आपल्याकडे मराठी वर्तमानपत्र दुपारी यायचं, रविवारची पुरवणी सोमवारी वाचायची. आतल्या पानावर बोटभर मजकूर होता. हिरव्या चहातल्या काही द्रव्यांमुळे दारूनं होणारी यकृताच्या पेशींची हानी कमी होते असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, एवढंच. मी तो चार वेळा वाचला. खाली लिहिलं होतं की माणसांबाबत अजून काही ठामपणे सांगता येत नाही. ते वाक्य मी एकदाच वाचलं.

आता हिरवा चहा आणायचा कुठून? वाण्याकडे विचारलं तर तो डोळे विस्फारून बघायला लागला. शेजारच्या रमीलाबेनना विचारलं. त्या म्हणाल्या, "लीली चा? अरे, मारा वाडामां छे ने!" आणि मागच्या दारी जाऊन त्यांनी मला मूठभर पाती कापून दिल्या. मला हसूच आलं. हा तर आपला गवती चहा! शिरपूरला आमच्या न्हाणीमागे माजलेला असायचा, सर्दी झाली की आई घालायची. गुजरातीत लीली चा म्हणजे शब्दशः हिरवा चहा. मला वाटलं, जगभरातले लोक ज्याच्यावर प्रयोग करतायत ते औषध रमीलाबेनच्या वाड्यात आहे आणि आपल्याला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी थर्मास भरून आणायला लागले. लॅबमध्ये तुम्ही खाणंपिणं करू द्यायचा नाहीत, म्हणून अकरा वाजता मागच्या पत्र्याखालच्या बाकावर. कात्रण तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत, पहिला घोट घेतलात, आणि माझ्याकडे क्षणभर बघितलंत.

"कसा आहे?" मी विचारलं.

"छान आहे," तुम्ही म्हणालात. "रोज आणणार?"

"रोज आणणार."

आणि मी आणला, सर. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. रविवार सोडून एकही दिवस चुकला नाही. पावसात पत्रा वाजत असायचा, आपण बाकावर बसायचो, आणि त्या पंधरा मिनिटांत तुम्ही मला पोरवयाच्या गोष्टी सांगायचात. सटाण्याच्या शाळेतल्या मास्तरांनी तुम्हाला लिंबाच्या रसानं कागदावर अदृश्य अक्षरं कशी लिहून दाखवली, त्या एका दिवसामुळे तुम्ही केमिस्ट्री कशी घेतलीत. वडिलांना तुम्हाला तलाठी करायचं होतं. मी माझ्या पोराच्या दाताच्या, सासूच्या कुरबुरीच्या गोष्टी सांगायची. मी मनात दर दिवशी एक पेशी वाचवत होते. खरंच, असाच हिशेब करत होते मी.

ऑक्टोबरात तुम्ही कुणाकडून तरी मुंबईहून एक पत्र्याचा डबा मागवलात. अकरा वाजता बाकावर तुम्ही माझ्या थर्मासवर हात ठेवलात आणि म्हणालात, "आज माझ्याकडून." पाणी उकळून थोडं निवू दिलंत, त्यात वाळलेली, गुंडाळलेली हिरवट पानं टाकलीत. पिवळसर पाणी झालं. मी घोट घेतला, कडू होतं, गवतासारखं.

"हे काय?"

"हिरवा चहा."

"मग मी आणते तो?"

"तो गवती चहा, बाई. ते गवत आहे. चहाच्या झाडाशी त्याचं काही नातं नाही. कात्रणात आहे ते हे."

माझा चेहरा पडला असणार, कारण तुम्ही हसायचं थांबलात.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या घोटाला."

"मग चार महिने का प्यायलात?"

तुम्ही कप फिरवत राहिलात. "वास चांगला होता," म्हणालात. "आणि तू आणत होतीस."

तेव्हा मला लाज वाटली आणि थोडा रागही आला. आज त्या वाक्याजवळ गेले तरी हातातलं काम खाली ठेवावं लागतं. वहिनींनी मला फार उशिरा सांगितलं की त्या चार महिन्यांत तुम्ही नाक्यावर कमी जात होता. आठवड्यातून दोनतीन दिवस सरळ घरी यायचात, भाजी घेऊन. त्यांना कारण कळलं नव्हतं. मलाही कळलेलं नाही. गवताच्या पाण्यात काही नव्हतं, सर. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

खरा चहा आला आणि सगळं उलटं झालं. तुम्ही कुठून कुठून माहिती काढलीत, कागदावर आकृत्या काढून मला समजावलंत. दारू यकृतात पोचली की तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. त्या सगळ्या घडामोडीत असे काही रेणू सुटतात जे पेशींचं आवरण कुरतडतात. चहातली द्रव्यं स्वतः पुढे होऊन त्यांना अंगावर घेतात, म्हणून पेशी वाचते. किती सुंदर समजावलंत! बोलताना तुमचा हातही थरथरत नव्हता. आणि शेवटी पेन्सिल ठेवून म्हणालात, "म्हणजे सकाळी दोन कप, संध्याकाळी एक क्वार्टर. दोन्हीकडचं सैन्य सारखं झालं."

मला वाटलं गंमत करताय. पण पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा तेच बोललात, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात क्वार्टरचे दोन झाले, कप चार झाले. वहिनी म्हणाल्या, "आता तर मला सांगतात, शास्त्र आहे माझ्या बाजूला." ते शास्त्र मी आणून दिलं होतं. माझ्या हातानं कापलेलं कात्रण तुमच्या पाकिटात होतं.

मग ते भांडण झालं. नोव्हेंबरातली सकाळ होती, बाकावर ऊन आलं होतं. तुमचा चेहरा सुजलेला होता. तुम्ही चहा ओतत होता आणि तो बशीत जास्त पडत होता. मी म्हटलं, "सर, पुरे. हा चहा बंद करा."

"का? आता औषधच बंद करू?"

"औषध नाही हे. परवाना झालाय तुमचा."

"कात्रण तूच आणलंस."

"त्यात उंदीर होते, सर. त्यांना कुणीतरी नळीनं दारू पाजली होती. तुम्हाला कोण पाजतं?"

तुम्ही कप खाली ठेवलात. मग ज्या आवाजात बोललात तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"तुला काय वाटतं, मी हौसेनं जातो? पाच वाजले की मी गेटबाहेर पडतो. घरी जायचं ठरवून पडतो. पायांना सांगतो, डावीकडे वळा. ते उजवीकडे वळतात. नळी दिसत नाही म्हणून ती नाहीच असं समजू नकोस, बाई."

सर, त्या क्षणी तुम्ही दार उघडलं होतंत. दहा वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं. मला फक्त आत यायचं होतं. मला म्हणायचं होतं, चला, पाच वाजता मी गेटवर उभी राहते, आपण दोघं डावीकडे वळू. किंवा काहीच न म्हणता तिथे बसून राहायचं होतं. त्याऐवजी मी उठले आणि म्हणाले, "हे सगळे बहाणे आहेत." माझं वय तेव्हा तीस. मला वाटत होतं की खरं बोलणं म्हणजे कठोर बोलणं.

तीन आठवडे आपण कामापुरतं बोललो. वजनं मी करत होते, सही तुमची होत होती. बाकावर तुम्ही एकटे बसायचात. मी खिडकीतून बघायची आणि पुन्हा तराजूकडे वळायची. मला वाटायचं तुम्ही आधी बोलावं. तुम्हालाही तसंच वाटत असेल.

आता ती गोष्ट. नवीन वर्ष लागलं तेव्हा धाग्याचा एक मोठा लॉट गिऱ्हाइकानं परत पाठवला. लॅबची चूक नव्हती, पण चौकशी झाली. मॅनेजरनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. वही समोर होती. "सुलभाबेन, सच बताओ. रीडिंग कौन लेता है?"

मी वहीकडे बघितलं. पानामागून पान, माझे आकडे, तुमची सही. मी खोटं बोलू शकले असते. मी म्हणाले, "मी घेते, साहेब."

"कबसे?"

"आठ-नऊ महिने झाले."

त्यांनी वही मिटली. मला वाटलं होतं ते तुम्हाला बोलावतील, समज देतील, रजेवर पाठवतील, कदाचित उपचाराला. तसं काही झालं नाही. दुसऱ्याच सोमवारी तुमची बदली स्टोअरच्या मागच्या खोलीत झाली, जुने कागद लावायला. लॅबची जबाबदारी माझ्याकडे. तुम्ही तुमच्या खणातलं सामान एका खोक्यात भरलंत. चिमटा मात्र पेटीशेजारी ठेवून दिलात. दारात थांबून म्हणालात, "तराजू दर सोमवारी तपासून घेत जा. या पत्र्याखाली उन्हाळ्यात काटा सरकतो." मी "हो सर" म्हणाले. मान खाली होती माझी.

मॅनेजरना कुणी सांगितलं हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. वहिनींनाही नाही. तुम्हाला माहीत होतं का? मी हे शंभर वेळा उलटसुलट करून बघितलं आहे. माहीत होतं म्हणून विचारलं नाहीत, की माझ्यावर संशयच आला नाही म्हणून? पहिलं असेल तर तुम्ही मला माफ केलं होतंत की नाही? दुसरं असेल तर मी तुमच्या विश्वासाला काय म्हणू? मी बोलले ते खरं बोलले. तुम्ही मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. पण त्या दिवसापर्यंत सकाळी साडेआठ ते पाच तुमचं काहीतरी होतं, जे तुम्हाला सांभाळून धरत होतं. ते मी काढून घेतलं. स्टोअरच्या खोलीत तुमची कुणाला गरज नव्हती. गेटबाहेर पडायचे पाचचे तीन झाले, तीनचे एक. मग तुम्ही डावीकडे वळायचा प्रयत्नही सोडलात.

मी येत राहिले. स्टोअरमध्ये, मग घरी. भांडण बाजूला ठेवलं गेलं, मिटलं नाही. तुम्ही मला पाहिलं की अजून "या केमिस्टबाई" म्हणायचात. मी डॉक्टरांना भेटले, नाशिकच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता आणला. तुम्ही दहा दिवस राहिलात आणि परत आलात. पुन्हा गेलात, सहा दिवस राहिलात. आम्ही बाटल्या ओतून दिल्या, वहिनींनी नवस बोलले, प्राची तुमच्याशी बोलेनाशी झाली, मग रडून बोलायला लागली. काही म्हणजे काही उपयोग झाला नाही. माणूस डोळ्यांसमोर वाहत चाललाय आणि आपण काठावरून नुसती नावं घेऊन हाका मारतोय, असे दिवस गेले.

वर्षभरानं, या जानेवारीत, पोटात पाणी झालं. दवाखान्यात हातपाय काटकुळे आणि पोट एवढं मोठं, की तुम्हाला कुशीवर वळता येत नव्हतं. वहिनी घरून तो पत्र्याचा डबा घेऊन आल्या होत्या. मला बाहेर बोलावून विचारलं, "सुलभाताई, तुम्ही शिकलेल्या आहात. अजून द्यायचा का हा? थोडा जास्त घट्ट करून दिला तर?"

मी डॉक्टरांना विचारलं. तेच डॉक्टर. ते चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, आता त्यांना पाणीसुद्धा मोजून द्यायचंय. चहा कसला देता? आणि पेशी वाचवायच्या तर त्या शिल्लक असाव्या लागतात."

वहिनींना मी एवढंच सांगितलं की सध्या नको. त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

त्या दुपारी तुमचं पाणी मी मोजलं. नर्सनं खुणा असलेला प्लास्टिकचा कप दिला होता. तुमचे ओठ कोरडे पडले होते, तरी तुमचं लक्ष कपाकडे होतं.

"डोळ्याच्या रेषेत धर," तुम्ही म्हणालात. "वरून बघू नको. पाण्याची खालची कड वाच."

"पन्नास, सर."

"नक्की?"

मी पुन्हा रेषेत धरला. "पन्नास."

तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत, समाधानानं. ते पन्नास मिलिलिटर पाणी तुम्ही चमच्याचमच्यानं प्यायलात आणि पिऊन झाल्यावर माझा हात धरून ठेवलात. तुम्ही माझा हात कधी धरला नव्हता. मला वाटलं, आता सांगावं. मॅनेजरना मी सांगितलं, सर. पण वहिनी बाजूला बसल्या होत्या, प्राची खिडकीशी होती. मी ठरवलं, उद्या लवकर येते, दोघी नाश्त्याला जातील तेव्हा सांगते.

दुसऱ्या दिवशी लवकर आले. दोघी खाली गेल्या होत्या. मी खुर्ची पुढे ओढली. "सर," मी म्हटलं. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे नीट बघितलंत, आणि फार आदरानं, परक्या बाईला विचारावं तसं विचारलंत, "सटाण्याची गाडी लागली का हो?"

मी म्हटलं, "अजून नाही."

"लागली की सांगा. माझ्याजवळ सामान काही नाही."

यकृत थकलं की विष डोक्यात चढतं, माणूस भ्रमतो, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. मला कारण समजलं. मला सगळ्या गोष्टींची कारणं समजतात, सर. त्यानंतर तुम्ही दोन दिवस होता, पण मला ओळखणारे तुम्ही नव्हता. मी तुमच्या कानाशी वाकून सगळं सांगितलंही, केबिन, वही, माझं उत्तर. तुम्ही गाडीची वाट बघत होता.

हे लिहून मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटत नाही. मी अजून त्या बाकावर बसून तुमच्याशी वाद घालते. कधी मी जिंकते, कधी तुम्ही, आणि दोन्ही वेळा पाच वाजतात.

काल रविवार. प्राची दुपारी पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. केस विंचरलेले, डोळे सुजलेले, पण पेन्सिलीला टोक काढलेलं होतं. "आत्या, सेंद्रिय रसायनशास्त्र बाबांकडे करायचं ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही घ्याल?" मी पाट मांडला. तिनं पान उघडलं. अल्कोहोलचा धडा होता. मी म्हटलं, दुसरा घेऊ या का आधी? ती म्हणाली, "नाही, हाच येत नाही."

मग मी शिकवला. इथेनॉलचं ऑक्सिडीकरण, पहिली पायरी. तिनं बाण काढला आणि बाणाच्या पुढे ॲसिटाल्डिहाइड लिहिलं. अक्षर तुमच्यासारखं आहे तिचं, उजवीकडे कललेलं. लिहून झाल्यावर तिनं पेन्सिलीचं टोक त्या बाणावरून उलटं मागे नेलं.

"आत्या, हे परत मागे नेता येतं?"

"येतं," मी म्हणाले. "काचेच्या भांड्यात येतं."

तिनं मान खाली घातली आणि ते तसंच लिहून घेतलं.